तीन लहान शब्दांचे गणित

भाषेतील काही शब्द इतके लहान आणि इतके नित्य परिचयाचे असतात की, त्यांना काही नेमका अर्थ आहे हेच मुळी मनुष्य विसरून जातो. ‘आणि’, ‘किंवा’ व ‘नाही’ हे तीन शब्द त्यांतलेच. मूल बोलू लागल्यावर थोड्याच काळात ते आत्मसात करते. पुढे जन्मभर त्यांच्यावाचून एक दिवसही जात नाही. आणि तरीही त्यांची व्याख्या करण्याची वेळ सहसा कोणावर येत नाही. व्याकरणकार पहिल्या दोहोंना उभयान्वयी अव्यये म्हणून एका ओळीत बसवितो आणि पुढे जातो. परंतु जेथे अनिश्चित गोष्टींविषयी निश्चयाने काही सांगावयाचे असते, तेथे हे शब्द फार जपून वापरावे लागतात. सतराव्या शतकात फ्रान्समधील एका चतुर गृहस्थाची मती त्यांनी गुंग केली होती; आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधील एका न्यायालयात यांपैकी एका शब्दाचा चुकीचा हिशेब एका मातेविरुद्ध पुराव्यादाखल मांडला गेला. या तीन शब्दांच्या हिशेबाला संभाव्यतेच्या गणितात मध्यवर्ती स्थान आहे, आणि त्या गणिताचा पाया ‘संच’ या एका साध्या कल्पनेवर उभारलेला आहे.

संच म्हणजे ठरावीक वस्तूंचा समुदाय. कोणती वस्तू त्यात आहे आणि कोणती नाही, हे निःसंदिग्धपणे सांगता आले म्हणजे संच सिद्ध झाला. या कल्पनेला शास्त्रीय रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेऑर्ग कॅन्टर या गणितज्ञाने जर्मनीत दिले. तथापि एखाद्या समुदायातून निरनिराळे लहान समुदाय किती प्रकारांनी निवडता येतील, हा प्रश्न भारतीय गणितज्ञांना फार पूर्वीपासून परिचित होता. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त या जातीचे एक रुचकर उदाहरण आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट असे सहा रस आहेत. त्यांतील एक, दोन, तीन अशा क्रमाने रस एकत्र करीत गेल्यास एकंदर किती प्रकारचे पदार्थ होतील, असा तो प्रश्न. एकेका रसाचे ६, दोन-दोन रसांचे १५, तीन-तीनांचे २०, चार-चारांचे पुन्हा १५, पाच-पाचांचे ६ आणि सहाही रसांचा १, अशी ही बेरीज ६३ होते. यात ज्या पदार्थाला कोणताच रस नाही असा, म्हणजे एक रिकामी वाटी, मिळविली तर संख्या ६४ होते. आजच्या भाषेत सांगावयाचे तर सहा वस्तूंच्या संचाचे ६४ उपसंच होतात, आणि ती रिकामी वाटी म्हणजे रिक्त संच होय.

भास्कराचार्यांचा प्रश्न मोजणीचा होता, संभाव्यतेचा नव्हता. परंतु त्यांनी मांडलेले हे ताट संभाव्यता समजून घेण्यास फार सोयीचे आहे. श्रोत्यांनी अशी कल्पना करावी की, या ६३ पदार्थांची नावे सारख्या आकाराच्या ६३ चिठ्ठ्यांवर लिहिली आहेत, चिठ्ठ्या घड्या घालून एका घागरीत टाकल्या आहेत, घागर चांगली हलविली आहे, आणि एका लहान मुलाला डोळे मिटून एक चिठ्ठी काढावयास सांगितले आहे. कोणती चिठ्ठी निघेल हे कोणीच सांगू शकत नाही. परंतु कोणकोणत्या चिठ्ठ्या निघू शकतात हे मात्र पूर्णपणे ठाऊक आहे. या सर्व शक्य निष्पत्तींच्या संचाला गणितात ‘नमुना अवकाश’ असे नाव आहे. ‘निघालेला पदार्थ गोड असेल’ हे जे विधान, ते या ६३ चिठ्ठ्यांपैकी काही विशिष्ट चिठ्ठ्या वेगळ्या काढून दाखविते. ज्यांत गोड रस आहे अशा त्या चिठ्ठ्या ३२ भरतात. कारण गोड रस ठरला की उरलेल्या पाच रसांतून हवे ते रस घेण्याचे अथवा एकही न घेण्याचे प्रकार ३२ होतात. या ३२ चिठ्ठ्यांच्या उपसंचालाच ‘घटना’ म्हणतात.

येथे एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले आहे. लौकिक भाषेत घटना म्हणजे घडलेली अथवा घडणारी गोष्ट. गणितात घटना म्हणजे निष्पत्तींचा संच. हा बदल वरवर पाहता शाब्दिक वाटतो. परंतु त्यामुळे जे केवळ बोलण्याचे होते ते मोजण्याचे झाले. सर्व निष्पत्ती सारख्याच संभवनीय असतील, तर घटनेची संभाव्यता म्हणजे त्या घटनेतील निष्पत्तींच्या संख्येला एकंदर निष्पत्तींच्या संख्येने भागून येणारा अपूर्णांक. गोड पदार्थ निघण्याची संभाव्यता, या न्यायाने, ६३ पैकी ३२. जी घटना घडूच शकत नाही तिचा संच रिक्त आणि तिची संभाव्यता शून्य; जी घडल्यावाचून राहत नाही तिची संभाव्यता एक. या दोन टोकांच्या दरम्यान जगातील सारी अनिश्चितता सामावलेली आहे.

आता तीन शब्दांकडे वळता येईल. त्यांतील ‘नाही’ हा सर्वांत सोपा. ‘पदार्थ गोड नाही’ ही घटना म्हणजे ६३ चिठ्ठ्यांतून गोडाच्या ३२ काढून टाकल्यावर ज्या ३१ उरतात, त्यांचा संच. त्याला पूरक संच म्हणतात. एखादी घटना आणि तिची पूरक घटना मिळून संपूर्ण अवकाश व्यापतात, म्हणून त्या दोघींच्या संभाव्यतांची बेरीज नेहमी एक होते. एक माहीत असली की दुसरी वजाबाकीने मिळते. हा नियम इतका साधा आहे की त्याचा काही उपयोग असेल असे वाटू नये. पण अवघड प्रश्नांत पुष्कळदा हाच उपयोगी पडतो, हे पुढे दिसून येईल.

‘किंवा’ हा शब्द त्यामानाने फसवा आहे. ‘चहा घेणार किंवा कॉफी?’ असे यजमान विचारतो, तेव्हा पाहुण्याने दोन्ही मागावीत अशी त्याची अपेक्षा नसते. परंतु ‘सत्तर वर्षांवरील किंवा दृष्टिहीन व्यक्तींना रांगेत उभे राहावे लागणार नाही’ अशी सूचना एखाद्या कचेरीत लावलेली असेल, तर सत्तरी ओलांडलेल्या दृष्टिहीन वृद्धाला कोणी परत पाठविणार नाही. गणितातला ‘किंवा’ या दुसऱ्या प्रकारचा आहे: हे, अथवा ते, अथवा दोन्ही. दोन संचांपैकी निदान एकात तरी असलेल्या सर्व वस्तूंच्या संचाला त्यांचा संयोग म्हणतात. ‘आणि’ने मात्र दोन्ही संचांत असलेल्या वस्तू तेवढ्या निवडल्या जातात, त्या सामायिक भागाला छेद म्हणतात. गंमत अशी की, व्यवहारात पुष्कळदा ‘आणि’ म्हणून संयोगच अभिप्रेत असतो. ‘वृद्ध आणि दिव्यांग यांच्यासाठी राखीव’ अशी पाटी बसमध्ये असते, तेव्हा त्या आसनावर बसण्यासाठी मनुष्य वृद्धही असावा आणि दिव्यांगही असावा, असे कोणी समजत नाही. व्यवहाराचे काम संदर्भाने भागते; गणिताचे भागत नाही. म्हणूनच गणिताने हे शब्द सोडून संयोग, छेद आणि पूरक असे निश्चित अर्थाचे तीन शब्द घडविले.

चित्राच्या साहाय्याने हे अधिक स्पष्ट होते. अंगणात रांगोळीची दोन वर्तुळे काढावीत, एकमेकांत थोडी शिरलेली. एकात सर्व गोड पदार्थ ठेवावेत, दुसऱ्यात सर्व तिखट. मध्ये जो डोळ्याच्या आकाराचा भाग दोन्ही वर्तुळांना सामायिक आहे, त्यात गोडही आणि तिखटही असलेले पदार्थ येतील. ही वर्तुळांची पद्धत जॉन व्हेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने १८८० मध्ये पद्धतशीरपणे मांडली, म्हणून तिला त्याचे नाव मिळाले. आता प्रश्न असा: निघालेला पदार्थ गोड किंवा तिखट असण्याची संभाव्यता किती? गोड ३२, तिखट ३२, म्हणजे ६४, असे घाईने म्हणणारा लगेच अडचणीत येतो. कारण चिठ्ठ्याच मुळी ६३ आहेत! चूक कोठे झाली ते रांगोळीच्या चित्रात उघड दिसते. मधल्या भागातील पदार्थ एकदा गोडांत मोजले गेले आणि पुन्हा एकदा तिखटांत. हे पदार्थ १६ आहेत. दोनदा मोजलेले एकदा वजा केले की ४८ उरतात, आणि तेच खरे उत्तर. संयोगाची संभाव्यता म्हणजे दोन संभाव्यतांची बेरीज, उणे छेदाची संभाव्यता. हा या गणितातील पहिला महत्त्वाचा नियम. केवळ जेथे छेद रिक्त असतो, म्हणजे दोन घटना एकाच वेळी घडूच शकत नाहीत, तेथेच नुसती बेरीज चालते. ज्याने पूरग्रस्तांची एक यादी आणि भूमिहीनांची दुसरी यादी एकत्र करून मदतीचा अंदाज काढला असेल, त्याला हा नियम पुस्तकात वाचावा लागत नाही; दोन्ही याद्यांत आढळणारी नावे तो त्याला शिकवून जातात.

‘नाही’ हा शब्द उरलेल्या दोहोंपैकी एकाच्या मागे लागला म्हणजे आणखी एक विलक्षण गोष्ट घडते. ‘पदार्थ गोड किंवा तिखट आहे’ याचा नकार काय? ‘गोड नाही किंवा तिखट नाही’ असे सहज जिभेवर येते, पण ते चूक आहे. खरा नकार ‘गोड नाही आणि तिखटही नाही’ हा होय. नकाराच्या स्पर्शाने ‘किंवा’चे ‘आणि’ होते आणि ‘आणि’चे ‘किंवा’ होते. आपल्या उदाहरणात असे पदार्थ ६३ वजा ४८, म्हणजे १५ असले पाहिजेत. आणि गोड व तिखट वगळून उरलेल्या चार रसांतून पदार्थ मोजले तर ते १५च भरतात. हे नियम ऑगस्टस डी मॉर्गन याच्या नावाने ओळखले जातात. या गणितज्ञाचा जन्म १८०६ मध्ये तामिळनाडूतील मदुरै येथे झाला होता. आणि दिल्लीचे गणिताध्यापक मास्तर रामचंद्र यांचा ग्रंथ १८५९ मध्ये लंडनला पुन्हा प्रसिद्ध व्हावा म्हणून त्याने स्वतः परिश्रम घेतले होते, ही गोष्ट भारतीय श्रोत्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या सामग्रीनिशी सतराव्या शतकातील फ्रान्समध्ये प्रवेश करता येईल. शेव्हालिए द मेरे या नावाने प्रसिद्ध असलेल्या एका गृहस्थाला फाशांच्या खेळात दोन पैजांनी कोड्यात टाकले होते. पहिली पैज अशी: एक फासा चार वेळा टाकला असता निदान एकदा तरी सहाचे दान पडेल. दुसरी अशी: दोन फासे चोवीस वेळा टाकले असता निदान एकदा तरी दोन्हींवर सहा पडतील. एका फाशाच्या निष्पत्ती ६, दोन फाशांच्या ३६. चाराचे सहाशी जे प्रमाण, तेच चोविसाचे छत्तिसाशी. तेव्हा दोन्ही पैजा सारख्याच लाभाच्या असल्या पाहिजेत, असा त्याचा तर्क. परंतु प्रत्यक्षात पहिली पैज मांडणाऱ्याच्या बाजूची ठरते आणि दुसरी त्याच्या विरुद्ध. अंकगणित स्वतःलाच खोटे पाडते असे म्हणण्यापर्यंत त्याची मजल गेली. ब्लेझ पास्काल याने १६५४ च्या जुलै महिन्यात पिएर द फेर्मा याला लिहिलेल्या पत्रात या गोष्टीचा उल्लेख केला आहे. त्या वर्षी या दोघांत झालेला पत्रव्यवहार हाच संभाव्यतेच्या गणिताचा प्रारंभ मानला जातो.

द मेरे याचा तर्क जेथे चुकला ती जागा आता दाखविता येते. ‘निदान एकदा तरी’ या शब्दांत ‘किंवा’ दडलेला आहे: पहिल्या वेळी सहा, किंवा दुसऱ्या वेळी, किंवा तिसऱ्या, किंवा चौथ्या. चारांना सहांनी भागणे म्हणजे या चार घटनांच्या संभाव्यतांची नुसती बेरीज करणे. पण या घटना परस्परांना वगळणाऱ्या नाहीत. पहिल्या वेळी सहा पडले म्हणून तिसऱ्या वेळी पडावयाचे थांबत नाही. त्यांची वर्तुळे एकमेकांत शिरलेली आहेत आणि सामायिक भाग पुनःपुन्हा मोजला जात आहे. ही बेरीज खरी मानली तर सात वेळा फासा टाकल्यावर सहा पडण्याची संभाव्यता एकाहून अधिक येईल, आणि निश्चिताहून अधिक निश्चित असे काही असू शकत नाही.

मग उत्तर कसे काढावे? चार वर्तुळांचे सारे छेद मोजीत बसणे कंटाळवाणे आहे. येथे ‘नाही’ धावून येतो. ‘निदान एकदा सहा’ याचा नकार ‘एकदाही सहा नाही’. म्हणजे पहिल्या वेळी नाही, आणि दुसऱ्या वेळी नाही, आणि तिसऱ्या वेळी नाही, आणि चौथ्या वेळी नाही. ‘किंवा’ची साखळी ‘आणि’ची झाली. चार वेळा फासा टाकल्यावर एकंदर निष्पत्ती १,२९६. त्यांपैकी सहा एकदाही न येण्याच्या निष्पत्ती पाच गुणिले पाच गुणिले पाच गुणिले पाच, म्हणजे ६२५. उरलेल्या ६७१ निष्पत्तींत निदान एक सहा आहेच. ६७१ विरुद्ध ६२५, म्हणून पहिली पैज लाभाची. दुसऱ्या पैजेत याच रीतीने गेले असता जिंकण्याची संभाव्यता शंभरात सुमारे ४९ निघते, म्हणून ती तोट्याची. चोविसाऐवजी पंचवीस वेळा फासे टाकण्याची मुभा असती तर ती शंभरात पन्नासाच्या किंचित वर गेली असती. अंकगणिताने स्वतःला मुळीच खोटे पाडले नव्हते. खोटा पडला होता तो ‘किंवा’चा हिशेब.

पास्कालच्या काळापासून पुष्कळ वर्षे हे शास्त्र सारख्याच संभवनीय निष्पत्तींच्या मोजणीवर विसंबून होते. परंतु जगातील सगळेच फासे सारख्या पैलूंचे नसतात. पाऊस पडणे आणि न पडणे या दोन निष्पत्ती आहेत म्हणून पावसाची संभाव्यता निम्मी, असे कोणी म्हटले तर शेतकरी हसेल. ही अडचण रशियन गणितज्ञ आंद्रेई कोल्मोगोरोव्ह याने १९३३ मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या ग्रंथात दूर केली. त्याने संभाव्यता म्हणजे संचांना दिलेले एक माप मानले आणि त्या मापावर मुख्यतः तीन अटी घातल्या. कोणत्याही घटनेचे माप शून्याहून कमी नसावे. संपूर्ण अवकाशाचे माप एक असावे. आणि ज्या घटनांत परस्परांशी सामायिक असे काहीच नाही, मग त्या अनंत असून एकापुढे एक मांडता येण्याजोग्या का असेनात, त्यांच्या संयोगाचे माप त्यांच्या मापांच्या बेरजेइतके असावे. निष्पत्ती समसंभाव्य असोत वा नसोत, पूरक घटनेची वजाबाकी आणि संयोगातून छेद वगळण्याचा नियम या तीन अटींतून आपोआप निघतो. जमीन मोजणाऱ्याला जसे शेताचे क्षेत्रफळ, तसे संभाव्यतेच्या अभ्यासकाला घटनेचे माप.

बेरजेची ही वाट नीट लागली तरी ‘आणि’चा प्रश्न उरतोच. दोन घटना एकत्र घडण्याची संभाव्यता काढताना त्यांच्या संभाव्यतांचा गुणाकार करावा, असे पुष्कळांच्या मनात असते. फाशांच्या बाबतीत तो केला आणि उत्तर बरोबर आले. कारण फाशाला स्मृती नसते, आधीच्या दानाचा पुढच्या दानावर परिणाम होत नाही. अशा घटनांना स्वतंत्र घटना म्हणतात. परंतु घटना स्वतंत्र आहेत हे गृहीत धरावयाचे नसते, तपासावयाचे असते. सहा रसांच्या उदाहरणाने हे चांगले पटते. रिकामी वाटी धरून ६४ चिठ्ठ्या असत्या तर गोडाची संभाव्यता निम्मी, तिखटाची निम्मी आणि दोन्ही असण्याची ६४ पैकी १६, म्हणजे बरोबर पाव. गुणाकार जुळला असता. रिकामी वाटी काढून टाकताच तो जुळेनासा होतो. कारण शोधले तर सोपे आहे. निघालेला पदार्थ गोड असल्याचे कळले तर तो तिखट असण्याची संभाव्यता ३२ पैकी १६, म्हणजे निम्मी. पण तो गोड नसल्याचे कळले तर ३१ पैकी १६, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक. पदार्थाला काहीतरी रस असलाच पाहिजे, एवढ्या एका बंधनाने गोड आणि तिखट यांचे नाते जुळले. एका चिठ्ठीने इतके होते. तर मनुष्यांच्या आयुष्यात, जेथे रक्त, घर, हवा, अन्न आणि परिस्थिती यांचे शेकडो धागे गुंतलेले असतात, तेथे दोन घटना स्वतंत्र मानण्यापूर्वी किती विचार करावयास हवा!

तो विचार न झाल्याने काय घडू शकते, याचे उदाहरण इंग्लंडमधील सॅली क्लार्क खटल्यात सापडते. ही महिला व्यवसायाने सॉलिसिटर होती. तिचे पहिले मूल १९९६ च्या डिसेंबरात आणि दुसरे १९९८ च्या जानेवारीत, दोन्ही काही आठवड्यांची असताना, अकस्मात दगावली. दोन्ही मुलांच्या हत्येचा आरोप तिच्यावर ठेवण्यात आला. खटल्यात एका नामांकित बालरोगतज्ज्ञाने साक्ष दिली की, तिच्यासारख्या सुस्थितीतील, धूम्रपान नसलेल्या कुटुंबात एखादे तान्हे मूल अज्ञात कारणाने अचानक दगावण्याची संभाव्यता ८,५४३ मध्ये एक आहे. तेव्हा दोन मुले अशी दगावण्याची संभाव्यता या संख्येला तिनेच गुणून, सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक होते. १९९९ च्या नोव्हेंबरात ज्यूरीने तिला दोषी ठरविले आणि तिला जन्मठेपेची शिक्षा झाली.

हा गुणाकार अंकांच्या दृष्टीने बिनचूक होता. चूक होती ती ‘आणि’ या शब्दात. पहिले मूल दगावले ‘आणि’ दुसरे दगावले, या दोन घटना जणू दोन निरनिराळ्या फाशांची दाने असल्याप्रमाणे गुणल्या गेल्या. परंतु ही दोन्ही मुले एकाच मातापित्यांची, एकाच घरात वाढणारी. ज्या अज्ञात कारणाने पहिले मूल गेले ते आनुवंशिक अथवा परिसरातील असेल, तर दुसऱ्या मुलाला तोच धोका इतरांहून अधिक असणार. अशा वेळी दुसऱ्या घटनेची संभाव्यता पहिली घडल्याचे गृहीत धरून काढावी लागते. तिला सशर्त संभाव्यता म्हणतात. छेदाची संभाव्यता म्हणजे पहिल्या घटनेची संभाव्यता गुणिले, पहिली घडली असता दुसरीची संभाव्यता. हा गुणाकाराचा खरा नियम. घटना स्वतंत्र असतील तेव्हाच ही शर्त गळून पडते. इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ च्या ऑक्टोबरात जाहीर निवेदन काढून या आकड्याला संख्याशास्त्राचा आधार नाही, असे स्पष्ट केले.

त्या निवेदनात आणखी एका, कदाचित अधिक घातक, गैरसमजाकडे लक्ष वेधले होते. ७ कोटी ३० लाखांत एक हा आकडा क्षणभर खरा मानला, तरी तो काय सांगतो? एखाद्या निर्दोष कुटुंबात असे दोन मृत्यू होणे किती दुर्मिळ आहे, एवढेच. असे दोन मृत्यू झालेले असताना ते कुटुंब निर्दोष असण्याची संभाव्यता तितकीच अल्प आहे, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. ही दोन विधाने सारखी दिसतात, पण त्यांचे छेदस्थान, म्हणजे ज्या संचाने भागावयाचे तो संच, निराळा असतो. पुन्हा सहा रसांकडे पाहावे. पदार्थ एकाच रसाचा आहे असे कळले, तर तो गोड असण्याची संभाव्यता सहांत एक. उलट पदार्थात गोड रस आहे असे कळले, तर तो एकाच रसाचा असण्याची संभाव्यता बत्तिसांत एक. दोन्ही वेळा सामायिक भाग तोच, केवळ गोड रसाचा एकच पदार्थ. पण एकदा भागाकार सहांनी झाला आणि एकदा बत्तिसांनी. न्यायालयापुढचा खरा प्रश्न असा होता: ज्या थोड्या घरांत दोन तान्ही मुले अशी दगावली, त्या घरांच्या संचात नैसर्गिक मृत्यूंचा भाग किती आणि हत्येचा किती? मातेने आपल्या दोन मुलांचा जीव घ्यावा, ही घटनाही अत्यंत दुर्मिळच आहे. दोन दुर्मिळ गोष्टींपैकी एक घडली आहे हे ठाऊक असताना, त्यांतील एकीच्याच दुर्मिळतेकडे बोट दाखविणे हा पुरावा नव्हे.

पहिले अपील २००० मध्ये फेटाळले गेले. पुढे २००३ च्या जानेवारीत दुसऱ्या अपिलात शिक्षा रद्द झाली. त्याचे मुख्य कारण म्हणजे दुसऱ्या मुलाच्या जंतुतपासणीचे निष्कर्ष बचावपक्षाला कळविले गेले नव्हते, हे उघडकीस आले होते. तथापि तो आकडा ज्यूरीपुढे त्या स्वरूपात यावयास नको होता, असेही न्यायाधीशांनी नमूद केले. तोपर्यंत तीन वर्षांहून अधिक काळ तुरुंगात गेला होता. २००७ मध्ये त्या महिलेचे निधन झाले.

असा प्रसंग न्यायालयातच येतो असे नाही. रुग्णालयातील तपासणीचा कागद हाती पडतो तेव्हाही तोच प्रश्न उभा असतो. समजा, एक लाख लोकांत शंभर जणांना एक रोग आहे, आणि एक तपासणी अशी आहे की ती शंभर रोग्यांपैकी नव्व्याण्णवांना ओळखते, परंतु निरोगी माणसांतही शंभरात एकाला चुकून रोगी ठरविते. सर्वांचीच तपासणी केली तर ९९ खरे रोगी सापडतील. आणि ९९,९०० निरोग्यांपैकी ९९९ जणही रोगी म्हणून गणले जातील. रोगी ठरलेल्या १,०९८ जणांच्या संचात खरोखरीचे रोगी ९९, म्हणजे अकरांत सुमारे एक. तपासणी रोग्याला बहुधा ओळखते, हे खरे. म्हणून तपासणीने रोगी ठरविलेला मनुष्य बहुधा रोगी आहे, हे मात्र खरे नव्हे. डॉक्टर दुसरी तपासणी करावयास सांगतात त्यामागे हेच गणित असते. आणि ते ठाऊक असलेला मनुष्य मधला काळ थोड्या अधिक धीराने काढू शकतो.

संभाव्यतेचे शास्त्र भविष्य सांगत नाही. घागरीतून कोणती चिठ्ठी निघेल हे भास्कराचार्यांच्या काळी कोणास सांगता येत नव्हते आणि कोल्मोगोरोव्हलाही सांगता आले नसते. ते शास्त्र इतकेच शिकविते की, मत बनविण्यापूर्वी सर्व शक्यता एकदा नजरेसमोर मांडाव्या. आपण ज्याविषयी बोलतो तो संच कोणता आणि त्याला कोणत्या संचाने भागीत आहो, हे विचारावे. ‘किंवा’ म्हणताना दोनदा मोजले नाही ना, आणि ‘आणि’ म्हणताना जे गुंतलेले आहे त्याला सुटे मानले नाही ना, हे तपासावे. एवढी तपासणी करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. मूल दुडूदुडू चालू लागते त्या वयात जे शब्द शिकते, तेच शब्द मोठेपणी न्यायासनावर, रोग्याच्या खाटेशी आणि कचेरीच्या टेबलावर थोड्या अधिक सावधपणे उच्चारले, तर कोणाची पैज वाचेल, कोणाची भीती दूर होईल, आणि क्वचित एखाद्या निरपराध माणसाचे स्वातंत्र्यही वाचेल.